ते देऊळ नाही हो!

घरामागच्या द्राक्षमळ्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला की गावाकडून कुणीतरी विचारतंच, "मागे ते छोटं देऊळ कसलं गं?" चार दगडी खांब, वर खोली, तिच्यावर कौलांचं टोकदार छप्पर. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, तो कबुतरखाना आहे. दादरच्यासारखा दाणे टाकून पुण्य जोडायचा नव्हे. आमच्या दक्षिण फ्रान्समधल्या गायाकच्या बाजूला असे पुष्कळ आहेत. कबुतरांनी दिवसभर रानोमाळ चरून यायचं आणि मालकाला दोन गोष्टी द्यायच्या: पिल्लं आणि विष्ठा. पिल्लं उडायच्या आत, महिनाभराची झाली की ताटात. विष्ठा द्राक्षांना, भाजीला. तिला खास नाव आहे, कोलोंबीन.

खांबांच्या डोक्यावर अळंबीच्या छत्रीसारखा गोल दगड असतो. उंदीर खांब चढतो, पण त्या छत्रीखाली उलटं लोंबकळून पुढे जाणं त्याला जमत नाही.

शेजारच्या आजींनी एकदा शिडी लावून मला वर चढवलं. चारही भिंतींना कोनाडेच कोनाडे, एका कोनाड्यात एक जोडी. कबुतरं जाऊन कित्येक वर्षं झाली, तरी आत हात घातल्यावर बोटांना राखाडी भुकटी लागली. मी हात झटकायला लागले तर आजी खालून ओरडल्या, "फेकू नकोस, टोमॅटोच्या आळ्यात टाक!"

आमच्याकडे बऱ्याच साध्या शेतकऱ्यांनीही कबुतरखाने बांधले. उत्तरेत, नॉर्मंडीत, तसं नव्हतं. तिथं पायापासून छपरापर्यंत कोनाड्यांचा बुरूज उभारायचा मान जहागीरदाराचा. दिएपजवळ वारांझव्हीलला झां आंगो या जहाजमालकाचा 16व्या शतकातला कबुतरखाना आहे. विटा आणि गारगोटीची नक्षी, घुमटी छप्पर, आत 1,600 कोनाडे. सगळे भरले तर 3,200 चोची! त्या भरायच्या कुळांच्या शेतात, आणि कुळानं दगडही मारायचा नाही. माझे आजोबा ज्वारीत माळ्यावर उभे राहून गोफण फिरवायचे. ही पाखरं पाटलांची आहेत, हात लावू नका, असं त्यांना कुणी सांगून बघायला हवं होतं.

फ्रेंच राज्यक्रांतीच्या वर्षी, 1789 साली, राजासाठी गावोगावी लिहिलेल्या गाऱ्हाण्यांच्या वह्यांत कबुतरंही आहेत. 4 ऑगस्टच्या रात्री सरंजामी हक्क गेले, त्यांत कबुतरखान्याचा हा मानही गेला. त्यानंतरच्या ठरावातलं कलम मला फार आवडतं: गाव ठरवेल त्या दिवसांत कबुतरं कोंडून ठेवायची, तेव्हा बाहेर दिसली तर ती शिकार, आणि ज्याच्या जमिनीवर सापडतील त्यानं मारावीत.

पुढे 19व्या शतकात पेरूहून ग्वानो, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचं खत, आला, मग रासायनिक खत. आता बऱ्याच कबुतरखान्यांत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. आमच्या मागच्याचं छप्पर गेल्या हिवाळ्यात एका बाजूनं खचलंय.

आणि आत्या, फोटोखाली ते हात जोडलेलं चित्र तेवढं पाठवू नका.