बोळ्याने दूध

"आम्ही काय बोळ्याने दूध पितो का?" भांडणात हे वाक्य मी शंभरदा फेकलं असेल. बोळ्याने दूध पाजायला काय लागतं ते मात्र गेल्या जुलैत कळलं.

मीटरच्या खोलीत मांजराचं पिल्लू ओरडत होतं. तळहाताएवढं, डोळे बंद, कान डोक्याला चिकटलेले. भाटी पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात, म्हणून दुपारपर्यंत लांबूनच वाट पाहिली. मग वॉचमनने सांगितलं, की भाटी आदल्या रात्रीच टेम्पोखाली गेली. वर आणलं तेव्हा ते बर्फासारखं गार पडलं होतं.

सासूबाईंनी तत्परतेने माळ्यावरून चांदीचं बोंडलं काढलं. तीन मुलं वाढवलेलं बोंडलं ते! गायीचं दूध कोमट करून पिल्लाला मांडीवर उताणं घेणार, एवढ्यात डॉक्टरांचा फोन लागला आणि आमचं सगळंच चुकलं. गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, आधी ऊब द्या. गायीचं दूध नको, जुलाब लागतील. पिल्लांची पावडर मिळते ती आणा. आणि उताणं तर मुळीच नको, दूध फुप्फुसात जातं. पालथं ठेवून पाजा. सासूबाईंनी बोंडलं मुकाट्याने पुसून ठेवलं. आम्ही गरम पाण्याची बाटली जुन्या बनियनमध्ये गुंडाळून बुटाच्या खोक्यात ठेवली आणि पिल्लू तिच्या शेजारी.

दर अडीच तासांनी गजर. रात्रीही. झोप उडाली, पण ते जमलं. खरी गोची पुढे होती. एवढ्या लहान पिल्लाला शी-शू आपली आपण करता येत नाही. आई चाटते तेव्हा होते. आता आईची जीभ कुठून आणायची? कोमट पाण्यात भिजवलेला कापूस हळूहळू फिरवायचा. घरात कापूस एकच, देवाच्या वातींचा. "त्याला हात लावायचा नाही," असं सासूबाईंनी बजावलं. त्या रात्री दोनच्या गजराला उठले, तर स्वयंपाकघरात दिवा लागलेला. सासूबाई खोक्यावर वाकलेल्या, हातात तोच कापूस, आणि तोंडाने बारीक आवाजात "शू… शू…" चाललेलं. मी तशीच मागे फिरले. आमच्या घरात काही गोष्टी पाहिल्या नाहीत असंच म्हणायचं असतं.

दिवाळीच्या फराळाचा काटा बाहेर निघाला. पिल्लू रोज साधारण दहा ग्रॅमनी वाढलं पाहिजे, असं डॉक्टर म्हणाले होते. भिंतीवरच्या कॅलेंडरात आमचा दुधाचा हिशेब असतो. त्याच चौकोनांत वजनं उतरू लागली. १२ जुलै: दीड लिटर, १३२. दूधवाल्याने महिनाअखेरीला हिशेब करताना बराच वेळ डोकं खाजवलं. १५ आणि १६ला आकडा एकच होता, तेव्हा घरात कोणी धड जेवलं नाही. त्याच १६च्या संध्याकाळी एक डोळा किलकिला झाला. निळा. सगळ्याच पिल्लांचे आधी निळे असतात, खरा रंग मागाहून येतो, हे ठाऊक असूनही मी शेजाऱ्यांना बोलावून आणलं. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. आमचीला तोवर दुसरा इलाजच नव्हता.

हो, भाटीच निघाली. तिरंगी मांजर बहुतेक मादीच असते. नाव अजून ठेवलेलं नाही. "अगं ए"ला येते.

चौथ्या आठवड्यात वाटी पुढे केली, तर ती चारी पायांनी वाटीतच उभी राहिली आणि मग ओट्यावर दुधाची पावलं उमटवत गेली. काट्यावर ठेवलं की उडी मारायची. ९ ऑगस्टच्या चौकोनात आकडा नाही. सासूबाईंच्या वळणदार अक्षरात एवढंच आहे: दीड लिटर. बसेना.