घडीत हरवलेला आकडा

माझे आजोबा जुन्या कुलाबा जिल्ह्यात लोकल बोर्डाच्या शाळांत मास्तर होते. दर दोन-तीन वर्षांनी बदली, नवं गाव, नवी शाळा. ते गेल्यावर त्यांची पत्र्याची ट्रंक माझ्याकडे आली. तिच्या तळाशी, सर्व्हिस बुकाच्या खाली, चार घड्या घातलेलं एक पत्र होतं. वर सेन्सॉरचा शिक्का, फील्ड पोस्ट ऑफिसचा शिक्का आणि आत मोडी. आमच्या घराण्यात कोणीच फौजेत नव्हतं. मग हे पत्र कोणाचं आणि ते आजोबांकडे का राहिलं?

मोडी मला येत नव्हती. पुण्यात एका जाणकारांनी ते वाचून दिलं. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत जागा सोडलेली नसते, आधी रेघ मारायची आणि तिला अक्षरं लटकवत जायची. पान-दीड पानाचा मजकूर, पण दोन संध्याकाळी गेल्या. ‘तीर्थरूप मातोश्रींचे चरणी शिरसाष्टांग दंडवत, विनंती विशेष’ अशी सुरुवात. मनिऑर्डर पोचली का, गाय व्याली का, धाकट्याला काही झालं तरी शाळेतून काढू नये. आणि मध्येच एक वाक्य: ‘मागे पावसात येथील नदी एका रात्रीत पुरुषभर चढली, आपली नदी आठवली.’ तारीख फेब्रुवारी 1944. गावाचं नाव कुठेच नाही. खालची सही मात्र मोडीत नव्हती. बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, थरथरत्या हाताने एकेक अक्षर सुटं काढलेलं. म्हणजे मजकूर दुसऱ्या कोणी लिहून दिला होता, सही तेवढी त्याची.

इथे माझी मोठी चूक झाली. मी नावाच्या मागे लागलो. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मृत्यू पावलेल्या सैनिकांच्या नोंदी शोधता येतात. तिथे मी नाव आणि ‘मराठा’ असं इंग्रजीत टाकत बसलो. काही हाती लागेना. तेव्हा पलटणीच्या नावातल्या ‘मराठा’चं स्पेलिंग आजच्यासारखं नव्हतं, मध्ये एक जास्तीचा एच आणि दोन टी होते, हे कळायलाच महिना गेला. स्पेलिंग सुधारल्यावर उलटी पंचाईत झाली. त्याच नावाचे आणि आडनावाचे इतके शिपाई निघाले की यादी वाचताना मन बधिर झालं. तीन महिने मी त्यांतलाच कोणता ‘आपला’ ते ठरवत होतो. आणि तो मेलाच असेल असं मी गृहीत तरी का धरलं होतं? तो परत आला असता तर त्या यादीत सापडणारच नव्हता.

शेवटी पत्राची बाहेरची बाजू नीट पाहायचं सुचलं. पाठवणाऱ्याच्या ओळीत इंग्रजीत नंबर, नाव, पलटण आणि ‘सी.एम.एफ.’ ही अक्षरं. सी.एम.एफ. म्हणजे सेंट्रल मेडिटेरेनियन फोर्स. जागेचं नाव लिहायला सैनिकांना मनाई होती, पण ही तीन अक्षरं आणि 1944 साल एकत्र ठेवलं की इटली डोळ्यांसमोर येते. नंबर तर कधीपासून माझ्या समोरच होता. फक्त त्यातला एक आकडा घडीवर आला होता आणि तिथला कागद झिजून भोक पडलं होतं. शून्यापासून नऊपर्यंत दहाच शक्यता. मी एकेक आकडा घालून नंबराने शोध घेतला. त्या नावाचा, मराठा लाइट इन्फन्ट्रीचा शिपाई एकाच नंबरावर निघाला.

मृत्यू मार्च 1944. पत्रानंतर महिनाभरात.

नोंदीत लिहिलं होतं की त्याचं नाव सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियलवर आहे. इटलीच्या पूर्व किनाऱ्याजवळ तोरिनो दी सांग्रो गावापाशी ही युद्धस्मशानभूमी आहे. ज्यांच्यावर धर्माप्रमाणे अग्निसंस्कार झाले अशा पाचशेहून अधिक भारतीय सैनिकांची नावं या स्मारकावर आहेत. त्याची पलटण मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली, म्हणजे 8 व्या इंडियन डिव्हिजनमधली. नोव्हेंबर 1943 मध्ये ही डिव्हिजन सांग्रो नदीवर लढली, तेव्हा पावसाने नदीला पूर येऊन पूल वाहून गेले होते. पत्रातली एका रात्रीत चढलेली नदी ती हीच, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. सेन्सॉरने ते वाक्य तसंच सोडलं होतं.

नोंदीत आईवडिलांची नावं, गाव आणि ‘कुलाबा’ होतं. हा मुंबईतला कुलाबा नव्हे. जुना कुलाबा जिल्हा, ज्याचं 1981 मध्ये रायगड झालं. गावाचं नाव मात्र कोणी तरी कानाने ऐकून इंग्रजीत उतरवलेलं. त्या स्पेलिंगचं गाव नकाशावर नाही. मग आजोबांचं सर्व्हिस बुक शेजारी ठेवलं आणि त्यातल्या गावांची नावं मोठ्याने म्हणत गेलो. चौथ्या नावाला जीभ अडखळली आणि दोन्ही नावं एक झाली.

ताम्हिणी घाट उतरून गेलो. वाटेत माणगावला तहसील कचेरीपाशी यशवंतराव घाडगे यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचेच नाईक, 10 जुलै 1944 ला इटलीत लढताना गेले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचीही कबर नाही, कसिनोच्या स्मारकावर नाव आहे. त्यांचा निदान इथे पुतळा आहे. आमच्या शिपायाच्या गावात त्याचं नाव कुठेच नव्हतं.

शाळेत मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं जनरल रजिस्टर काढून दिलं. पान उलटताच अक्षर ओळखलं. ‘श’ची ती लांब शेपटी मी लहानपणी आजोबांच्या वहीत शेकडो वेळा पाहिली होती. नंबर जुळला, आईवडिलांची नावं असलेली नोंद मिळाली, तरी मनात जी शंका होती ती त्या क्षणी गेली. धाकट्या भावाचं नाव तिथे होतं, वडिलांचं नाव नोंदीशी जुळत होतं. शाळा सोडल्याची तारीख जून 1944. कारणाच्या रकान्यात आजोबांनी लिहिलं होतं, ‘घरकाम’. त्या एका शब्दावर बोट ठेवून मी किती वेळ बसलो होतो, कोण जाणे.

त्या भावाची मुलगी गावातच राहते, सत्तरी ओलांडलेली. मास्तरांचा नातू म्हटल्यावर तिने पाट मांडला. पत्र आजोबांकडे का राहिलं, ते तिनेच सांगितलं. तिच्या आजीला वाचता येत नव्हतं. पत्र आलं की मास्तरांकडे न्यायचं, ते वाचून दाखवायचे. हे पत्र तारेच्या नंतर पोचलं. आजीने ते घरी नेलंच नाही. ‘तुमच्याकडेच असू द्या, ऐकावंसं वाटलं की येईन,’ म्हणाली आणि बरीच वर्षं, आजोबांची बदली होईपर्यंत, येत राहिली.

मी सगळं पत्र बाळबोधीत मोठ्या अक्षरांत उतरवून नेलं होतं. ते वाचून दाखवलं. धाकट्याच्या शाळेची ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मग मी मूळ पत्र तिच्या हातात दिलं. मोडीच्या ओळींवरून तिचं बोट सावकाश खाली आलं आणि त्या सुट्या अक्षरांपाशी थांबलं.

“हे त्यांनीच लिहिलं ना रे, बाळा?”

“हो मावशी,” म्हटलं. “एवढं त्यांनीच.”