समेवर काहीच नाही

लहानपणी सात वर्षं तबला शिकलो. पुढे हात सुटला, पण खोड राहिली: कुठलंही गाणं लागलं की बोटं मांडीवर मात्रा मोजायला लागतात. ‘अमेन ब्रेक’ हा ड्रमचा छोटासा तुकडा पहिल्यांदा नीट ऐकला तेव्हा चौथ्या बारला, म्हणजे चार-चार मात्रांच्या चौथ्या आवर्तनाला, मी चक्क चुकलो. समेची टाळी दिली आणि तिथे काहीच नव्हतं.

हा तुकडा आला वॉशिंग्टनच्या ‘द विन्स्टन्स’ या बँडच्या १९६९च्या रेकॉर्डवरून. पुढच्या बाजूला ‘कलर हिम फादर’. ते गाजलं, त्याला ग्रॅमीही मिळालं. मागच्या बाजूला ‘अमेन, ब्रदर’ नावाची नुसत्या वाद्यांची एक चीज. ती लांबीला आखूड पडत होती, म्हणून मध्ये सगळे थांबले आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटा वाजवत राहिला. चार बार, जेमतेम सात सेकंद. ड्रम असा एकटा उरतो त्या जागेला ‘ब्रेक’ म्हणतात.

पहिले दोन बार सरळ आहेत: किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), किक, स्नेअर (काठीने वाजवायचा करकरीत ड्रम), आणि अधूनमधून स्नेअरवर ऐकू येतील न येतील असे हलके आघात. तिसऱ्यात शेवटचा स्नेअर अर्धी मात्रा उशिरा पडतो. चौथ्यात पहिली मात्रा मोकळी सोडलेली, मग सगळं उलटसुलट, आणि झांज आपण वाट बघतोय त्याच्या आधीच आदळते. आमचे गुरुजी असते तर आधी भुवया उंचावल्या असत्या, मग ‘पुन्हा वाजव’ म्हणाले असते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये १९७३पासून डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर ठेवून ब्रेक लांबवत होता, कारण नाचणारे त्याच जागेची वाट बघत. १९८६मध्ये खास डीजेंसाठी निघालेल्या एका संग्रहात ‘अमेन, ब्रदर’ आलं आणि ते सात सेकंद सगळ्यांच्या हाती पडले. पुढच्या वर्षी एसपी-१२०० हा सॅम्पलर, म्हणजे आवाजाचे तुकडे साठवून हवे तसे वाजवणारं मशीन, आला. त्याची एकूण साठवण दहा सेकंद! जागा वाचवायला लोक मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची रेकॉर्ड पंचेचाळीसवर वाजवून आत घ्यायचे आणि मग मशीनमध्ये वेग खाली उतरवायचे.

खरी मजा इंग्लंडमध्ये झाली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ‘जंगल’ नावाचं वेगवान नाचाचं संगीत करणाऱ्यांनी हा ब्रेक मिनिटाला १६०-१७० मात्रांपर्यंत पळवला. वेग वाढवला की सूरही चढतो, म्हणून तो स्नेअर असा कडक, टणत्कार केल्यासारखा वाजतो. मग ब्रेकचे तुकडे केले, एकेक तुकडा कीबोर्डच्या एकेका पट्टीवर ठेवला, आणि कोलमनचे बोल घेऊन त्याने कधीच न वाजवलेले, तबल्यात असतात तसे कायदे-रेले बांधले.

मी पोटापाण्यासाठी मालिकांचे ध्वनिमुद्रित संवाद कापतो-जोडतो. शब्दाच्या मागची खोलीची गुंज अर्ध्यात तुटली तर ती चूक, आणि ती होऊ नये म्हणून मला पगार मिळतो. इथे नेमकं उलटं. कोलमनची झांज सगळ्यावर सांडलेली आहे. प्रत्येक तुकड्यात तिचा अर्धवट कापलेला शेपूट येतो. त्या तुटण्यालाच चव आहे. ड्रम मशीनचा स्वच्छ ठोका कितीही कापा, त्यातून असं काही सांडत नाही.

पैशाचं मात्र ऐकवत नाही. हक्क बँडचा म्होरक्या रिचर्ड स्पेन्सरच्या नावावर होते. हा सगळा प्रकार त्याला १९९६मध्ये कळला, तोवर दाव्याची मुदत टळून गेली होती. २०१५मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला २४,००० पौंड दिले. कोलमन त्याआधीच, २००६मध्ये, बेघर अवस्थेत गेला होता. वाजवणाऱ्याचा हात कुणाच्या कागदावर कधी नसतोच, पण हा हात तर हजारो गाण्यांत आहे.

काल रात्री मी तिसऱ्या-चौथ्या बारचे तुकडे कॉम्प्युटरवरच्या ग्रिडला, म्हणजे मात्रांच्या सरळ रेघांना, चिकटवून पाहिले. उशिराचा आघात वेळेवर आणला, रिकाम्या समेवर एक किक ठेवली. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “आता लग्नाच्या बँडसारखं वाजतंय.” किक काढली. तुकडे होते तिथे परत नेले आणि चुकायला पुन्हा बसलो.