चौदा पानांचा करार

मे महिन्यातल्या त्या दुपारी नागपूरच्या रामदासपेठेतल्या एका हॉटेलात, मुंबईहून आलेल्या एका म्युझिक कंपनीच्या प्रतिनिधीने माझ्यासमोर १४ पानांचा इंग्रजी करार ठेवला. मी स्वतः गाणी लिहितो, त्यांना चाली लावतो आणि नंदनवनातल्या घरीच ती रेकॉर्ड करतो. त्यांना हवे असलेले गाणे मी रात्री दोननंतर, कूलर बंद करून गायले होते, कारण कूलरची घरघर माइकमध्ये शिरते. त्या वेळी हनुवटीवरचा घाम वहीवर टपकून दुसऱ्या कडव्यातला एक शब्द पुसला गेला होता. ती वही त्या दिवशीही माझ्या पिशवीत होती.

मोबदला एकदाच, २५,००० रुपये. त्यात चांगला माइक आला असता, म्हणून मोह झाला हे मान्य करतो. मात्र नवव्या कलमात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तिन्हींचे हक्क जगभरासाठी व कायमचे कंपनीकडे जात होते, आणि अकराव्यात मी पुढच्या कोणत्याही रॉयल्टीवर दावा करणार नाही, असे लिहून घेतले होते. “सगळे नवे कलाकार हेच करतात,” असे ते गृहस्थ अगदी मायेने म्हणाले.

मी बाहेर जाऊन वकील असलेल्या मावसबहिणीला फोन लावला. ती म्हणाली, “अरे, गाणं म्हणजे एकच वस्तू नाही. शब्द आणि चाल वेगळी, रेकॉर्डिंग वेगळं. रेकॉर्डिंग दे हवं तर, पण रॉयल्टीतला तुझा वाटा तू सोडतो म्हटलंस तरी सुटत नाही.” १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, हक्क विकले तरी गीतकार व संगीतकाराला हक्क घेणाऱ्याच्या बरोबरीने रॉयल्टीचा समान वाटा मिळायलाच हवा, तो वाटा कायदेशीर वारस किंवा कॉपीराइट सोसायटी (रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) यांखेरीज कोणालाही देता येत नाही. शब्द-चालीवरचा हक्क तर रचनाकाराच्या मृत्यूनंतरही ६० वर्षे टिकतो. इतकी वर्षे गात असूनही हे मला त्या भर उन्हात, रस्त्यावर उभा असताना कळले.

आत येऊन मी फक्त रेकॉर्डिंगचा पाच वर्षांचा परवाना देऊ केला. विचारून कळवतो म्हणत त्यांनी कागद आवरले. पुढे काहीच कळवले नाही. गाणे मी नंतर स्वतःच प्रसिद्ध केले आणि आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचा सभासदही झालो.

पण त्या संध्याकाळी मी थेट घरी गेलो नाही. परतताना लक्षात आले, की त्याच गाण्यात तबला वाजवणाऱ्या, महाल भागातल्या मित्राशी माझा स्वतःचा एका ओळीचाही करार नव्हता. त्याच्या ओसरीवर बसून मी त्याच वहीच्या मागच्या पानावर त्याचे नाव, त्याचे वादन आणि उत्पन्नातला त्याचा हिस्सा लिहिला. “आपल्यात कायले पायजे कागद?” असे म्हणत तो संकोचला. मी पेन पुढे धरून ठेवले. त्याने बोटांवरची पावडर गमछ्याला पुसली, सगळे दोनदा वाचले आणि सही केली.