२०० चं भूत उतरलं, खाडीसाठी आता १५० (बहुतेक)

तर मंडळी, खाडीतल्या जिताड्यासाठी (बारामुंडी) कोणत्या साइजचं बेटकास्टिंग रील, म्हणजे गळाच्या काठीवरचं लाईन गुंडाळायचं चक्र, घ्यावं हे आपलं चालू आहे. त्यात ३०० चा विषय संपला, आणि २०० पण आता जायला दारात उभं आहे. मागच्या वेळी लिहिलं होतं की जिताड्यासाठी २०० साइज पक्कं, ४ नंबरची पीई (ब्रेडेड, विणलेली) लाईन भरून झाली, आता फक्त उधाणाची वाट बघायची. उधाण आलं, पाणीही झकास चढलं, आणि नेरूळच्या जेट्टीवरून १० ग्रॅमचं जिगहेड (वजनदार डोक्याचा आकडा, हलक्या लूरसाठी, म्हणजे नकली आमिषासाठी) फेकायला लागलो तर बॅकलॅशवर बॅकलॅश, म्हणजे स्पूल (लाईनची फिरकी) लूरपेक्षा जोरात फिरून लाईनचा गुंता. शेवटचा तर असा बसला की चाळीसेक मीटर लाईन कापून पिशवीत भरून घरी आणावी लागली. (कापलेली लाईन खाडीत टाकू नका रे, तिवरांत अडकते आणि मग बगळ्यांच्या पायात.)

आता कोणीतरी लगेच म्हणणार, आधी अंगठ्याने स्पूल आवरायला शिक. थांबा. त्याच संध्याकाळी त्याच रीलवर २१ ग्रॅमचा स्पून (चमच्यासारखा धातूचा लूर) लावला तर एकही गुंता नाही, लाईन सुसाट. म्हणजे भानगड हलक्या लूरची आहे, आणि आपल्याकडे हलकाच लागतो, कारण ओहोटीला नाल्याच्या तोंडाशी दोन-तीन फूट पाणी उरतं, तिथे २१ ग्रॅम टाकला की थेट चिखलात रुतून बसतो.

पहिलं कारण वारा. नवी मुंबईच्या काठावर उभं राहिलं की खाडी पश्चिमेला, आणि दुपारनंतरचे खारे वारे तिकडूनच येतात, म्हणजे कास्ट नेमका वाऱ्याच्या तोंडावर. लूर हवेत मंदावतो, स्पूलला त्याचा पत्ता नसतो, तो आपला मघाच्याच वेगात लाईन सोडत राहतो आणि झालं कल्याण. ठाण्यात कोपरीच्या बाजूने फेकणाऱ्यांच्या पाठीवर वारा असतो, त्यांनी कृपया सल्ले देऊ नयेत.

त्यात माझ्या रीलला सेंट्रिफ्युगल ब्रेक, स्पूल फिरला की बाहेर फेकला जाऊन घासणारा. त्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे सुरुवातीला स्पूल तुफान फिरतो तेव्हा कडक धरतो आणि कास्ट संपत आला की अंग काढून घेतो. मॅग्नेटिकचा (चुंबकाने धरणारा) जोर साधारण वेगाच्या सरळ प्रमाणात असतो, त्यामुळे शेवटाकडेही तो थोडा हात ठेवून असतो. समोरून वारा असला की गुंता होतो तो शेवटाकडेच. ब्रेक सगळे चालू करून पाहिले, स्पूलचा दांडा दाबणारा टेन्शन नॉब आवळला, गुंता थांबला पण लूर जेमतेम पंधरा मीटर. त्यापेक्षा हाताने फेकलेला बरा.

मग मी वजनकाटा काढला. छोटा, खिशात मावणारा, ऑनलाइन मिळतो तो, लूर मेकिंगवाल्यांकडे असतोच. रिकामा स्पूल १९ ग्रॅम. लाईनचा हिशोब असा की पीई १ म्हणजे २०० डेनियर, आणि डेनियर म्हणजे ९००० मीटरचं ग्रॅममधलं वजन, तर ४ नंबर झाला ८०० डेनियर, १०० मीटरला जवळजवळ ९ ग्रॅम. माझ्याकडे १४० मीटर होती म्हणजे साडेबारा ग्रॅम, तीही कोरडी. पाणी प्याल्यावर अजून वाढते. म्हणजे १० ग्रॅमच्या लूरने आधी ३१ ग्रॅमचा ऐवज फिरवायचा आणि मग स्वतः उडायचं. शिवाय लाईन असते स्पूलच्या कडेला, दांड्याजवळचं वजन फिरवायला सोपं, कडेचं जड. एकदा फिरायला लागलं की थांबायलाही तेवढंच हट्टी.

हे कळल्यावर वाटलं, सोपं आहे, लाईन कमी करू. लाईन ९० मीटर ठेवली आणि खालची रिकामी जागा क्राफ्टवाल्या फोमच्या टेपने भरली, म्हणजे स्पूलचा घेर कमी व्हायला नको. (तंगूसचं, म्हणजे नायलॉनचं, बॅकिंग (तळाचा थर) देणाऱ्यांनो, ब्रेडेड घसरू नये म्हणून चार वेढे ठीक, पण जागा भरायला तंगूस वापरलं तर वजन आहे तिथेच.) साडेचार ग्रॅम वाचले. रात्रभर स्वतःवर खूश होतो. जेट्टीवर गेलो तर फरक पडला, पण फार नाही. नंतर डोक्यात प्रकाश पडला की वाचवलेलं वजन सगळं तळाचं, दांड्याजवळचं, ते तसंही फारसं नडत नव्हतं. जी लाईन नडते ती वरच्या थरातली, आणि ती तेवढीच राहिली. एवढी फोमची कलाकुसर करून हाती काय, तर पाच-सात मीटर जास्तीचे आणि थोडे कमी गुंते.

आता खरी गंमत. कळव्याच्या मित्राने त्याचं १५० आणलं, ३४ मिलिमीटरचा स्पूल, मॅग्नेटिक ब्रेक, ३ नंबर लाईन १०० मीटर. काट्यावर स्पूल १३ आणि लाईन पावणेसात, म्हणजे सगळं मिळून विसाच्या आत. तेच जिगहेड, तीच जेट्टी, तोच नाकावर येणारा वारा, आणि लूर असा गेला की मी दोन मिनिटं नुसता फेकतच बसलो, मासा बिसा विसरून. मॅग्नेट शून्यावर आणून फक्त अंगठ्यावर फेकून पाहिलं, तरी माझ्या २०० पेक्षा सुसह्य. म्हणजे ब्रेकचा वाटा आहेच, पण मोठा वाटा स्पूलचा.

मग आपण सगळे २०० आणि ३०० च्या मागे का लागलो होतो? कारण साइजचे तक्ते आपण अमेरिकन बासवाल्यांचे (बास हा तिकडचा गोड्या पाण्यातला मासा) वाचतो आणि मग मनात म्हणतो की जिताडा बासपेक्षा दांडगा, तर रील एक नंबर मोठं घेऊ. तक्ता त्यांच्यासाठी बरोबर आहे. ७० म्हणजे अगदी हलके लूर, १०० ते १५० रोजचं सगळं काम, २०० जरा जड लूर आणि जाड लाईन, ३०० आणि ४०० म्हणजे ते वीतभर लांबीचे स्विमबेट, माशासारखे दिसणारे जड लूर. नीट बघा, हा सगळा तक्ता लूरच्या वजनाचा आहे, माशाच्या वजनाचा नाहीच. लार्जमाउथ बासचा विश्वविक्रम २२ पौंड ४ औंस, साधारण १० किलो, १९३२ मध्ये जॉर्जियात जॉर्ज पेरीचा, आणि २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरिताने त्याची बरोबरी केली. जिताडा ४० किलोच्या वरही जातो हे खरं, पण आपल्या नाल्याच्या तोंडाशी येतात ते किलो-दोन किलोचे. त्यांच्यासाठी ३०० म्हणजे तीनशे ग्रॅमच्या आसपासचं धूड दिवसभर मनगटावर बाळगायचं, वर माझा अंगठा स्पूलवर नीट पोचत नाही तो वेगळाच. मोठ्या हातवाल्यांनी आपापलं बघावं.

आणि नंबरांवर आंधळा विश्वास ठेवू नका. बासवाले जिथे डायवा कंपनीचं १०० वापरतात तिथेच शिमानोचं १५० वापरतात, आणि अॅबूचं गोल ५५००, ६५०० तर वेगळ्याच मोजणीत. शिमानोत शेवटचा आकडा १ असेल तर डावं हँडल, १५१, २०१ असं. हे आधी बघून ठेवा, कारण एका ऑनलाइन विक्रेत्याने मला यादीत डावं दाखवून उजवं पाठवलं आणि परत घ्यायला महिना लावला. तेव्हापासून मी क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूच्या दुकानांत जाऊन हातात धरूनच घेतो, दोन पैसे जास्त गेले तरी चालतील.

साइजच्या नंबरापेक्षा डब्यावर लाईन किती मावते ते बघा, आणि पीई नंबर गुणिले मीटर हा गुणाकार करा. तो एका स्पूलला जवळजवळ कायम राहतो. ३ नंबर १५० मीटर मावत असेल तर ५ नंबर ९० मीटर मावणार, विषय संपला. पौंडात लिहिलं असेल तर जाडीचा वर्ग करा. पॉवरप्रोची ३० पौंडवाली ०.२८ मिलिमीटर आणि ५० पौंडवाली ०.३६, तर तिथेही १५० चे ९० च होतात. आणि डब्यावर यार्ड असतील तर १५० यार्ड म्हणजे १३७ मीटरच, हे कोणी वाचतच नाही.

मग लागते किती? मी १५० मीटरवर अडून बसलो होतो. जेट्टीवर एक काका रोज बसतात, प्लास्टिकच्या बाटलीवर तंगूस गुंडाळलेलं, गरीला कोळंबी. मी वाऱ्याशी कुस्ती खेळताना त्यांनी बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, “आरं, मासा तुज्या पायाखाली हाय, तू पार ट्रॉम्ब्याला कशाला फेकतंस?” सगळे हसले, मी पण. घरी येऊन विचार केला तर काकांचं शंभर टक्के खरं. ओहोटीला बोय आणि कोळंबी नाल्यातून बाहेर पडते, जिताडा तिवरांच्या कडेला दबा धरून असतो. तिथे आकडा बसल्यावर तो तीस मीटर मुळांत शिरला तर स्पूलवर तीनशे मीटर असून उपयोग काय, लाईन मुळावर कापली जाणार. तिथे लागतो ड्रॅग (मासा ओढताना लाईन किती जोराला सुटेल ते ठरवणारा ब्रेक) आणि धीर, लाईन नाही. म्हणजे १०० मीटर पुरे.

ड्रॅगचंही तेच. डब्यावर ८ किलो, १० किलो लिहितात, लिहू देत. लाईनच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ड्रॅग लावायचा तर ४० पौंडवर साडेचार ते सहा किलो, आणि पाच किलोच्या आसपास बरीच १५० देतात. वर अंगठा आहेच. जिताड्याच्या गालाची धार ब्लेडसारखी असते म्हणून फ्लोरोकार्बन लीडर (आकड्याजवळचा लाईनचा तुकडा) मात्र जाडच.

वेगाची भीती होती की लहान स्पूल हळू ओढेल. तो प्रश्न गिअर रेशोने (हँडलच्या एका फेरीत स्पूलच्या किती फेऱ्या) सुटतो. ३४ चा भरलेला स्पूल ७.१ ला एका फेरीत ७६ सेंटिमीटर ओढतो, ३८ चा ६.३ ला ७५. कडेवरून मासा ओढून काढायला एवढं भरपूर.

काकांच्या बोलण्यावरून अजून एक बदललं. पश्चिमेला फेकायचंच कशाला? पुढच्या ओहोटीला मित्राचं १५० मागून घेतलं आणि नेरूळच्याच करावे गावाच्या बाजूला तिवरांच्या ओळीला समांतर फेकायला लागलो. वारा नाकावरून खांद्यावर आला, लूर कडेकडेने येतो, आणि नाल्याच्या तोंडाशी दुसऱ्या झटक्याला धप्प. सव्वा किलोचा असेल. दोनदा उडी मारून डोकं हलवलं, मुळांकडे वळला, अंगठा दाबून फिरवला. त्या आकाराचे बहुतेक नर असतात, मोठे होऊन मग मादी होतात, म्हणून सोडला. घरी आईने तिखल्याची तयारी करून ठेवली होती, तिने दोन दिवस बोलणं टाकलं तो भाग वेगळा.

तर आता प्लॅन असा. २०० विकत नाहीये, त्याला २१ ग्रॅमचे स्पून आणि मोठे लिपवाले लूर, ठाण्यातल्या गायमुखच्या बाजूला मोकळ्या पाण्यात. खाडीकडेसाठी १५०, मॅग्नेटिक, ३ नंबर १०० मीटर. की अडीच नंबर? हे लिहितानाच सुचतंय, अडीचला १०० मीटरचे साडेपाचच ग्रॅम होतात, आणि तेव्हा ७ ग्रॅमचं जिगहेडही जावं, भांगाच्या दिवसांत पाणी संथ असतं तेव्हा तेच लागतं. पण तिवरांच्या मुळांना अडीच नंबर टिकेल का याची धास्ती आहे. करावेला अडीच वापरणारं कोणी असेल तर सांगा. आणि कोणाकडे मॅग्नेटिक १५० पडून असेल, बेअरिंगमध्ये मीठ न गेलेलं, तर किंमत कळवा. डावं हवं, उजवं फुकट दिलं तरी नको.