आणि वरून काय घेत होतात?

महिन्यातून दोनतीनदा तरी मला असा फोन येतो. पलीकडच्या घरात नुकतंच कुणाला तरी कॅन्सरचं निदान झालेलं असतं. मला स्तनाचा कॅन्सर होऊन सहा वर्षं झाली आणि मी हिंडतेफिरते आहे, म्हणून कुणीतरी माझा नंबर दिलेला असतो. केमो किती झाल्या, केस कधी आले, हे विचारून होतं. मग आवाज जरा खाली येतो. "आणि वरून काय घेत होतात? व्हिटॅमिन्स, हळदीच्या कॅप्सूल, प्रतिकारशक्तीचं काही?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आज मी दोनच गोष्टी घेते, कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी. केमो चालू होती तेव्हा मात्र माझ्या कपाटात नऊ बाटल्या होत्या आणि त्यातल्या एकीचाही पत्ता माझ्या डॉक्टरांना नव्हता.

मी लपवत होते असं नाही. "औषधं कोणती चालू आहेत?" असं ते विचारायचे, मी बीपीची गोळी सांगायचे. बाटल्या माझ्या लेखी औषधं नव्हत्याच. त्यांच्यावर तसं छापलेलंही होतं. शिवाय त्या मायेनं आलेल्या. एक मावशीनं दिलेली, एक मैत्रिणीनं, दोन भावानं रात्रभर इंटरनेट चाळून मागवलेल्या. आणि खरं सांगायचं तर मलाही त्या हव्या होत्या. केमोत आपण नुसता हात पुढे करायचा, बाकी सगळं दुसरे करतात. सकाळी नऊ झाकणं उघडताना करणारी मी असायचे.

हे उघडकीला आलं ते केसांमुळे. केस गेले तसं मी बायोटिन, म्हणजे केसांसाठी विकतात ते बी गटातलं व्हिटॅमिन, सुरू केलं, रोज 10,000 मायक्रोग्रॅमची एक गोळी. माणसाला दिवसाला साधारण 30 मायक्रोग्रॅम पुरतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग छातीत धडधडायला लागलं, थकवा तर होताच, म्हणून थायरॉइड तपासलं. थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन, टीएसएच, अगदी खाली आणि थायरॉइडचं स्वतःचं हार्मोन, टी-4, वर. म्हणजे थायरॉइड जोरात चालतोय. दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्या बाई रिपोर्टकडे बघत राहिल्या, मग माझ्या टोपीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "केसांसाठी काही घेता का?"

आठवडाभर बायोटिन बंद करून पुन्हा रक्त दिलं. सगळं जागेवर. थायरॉइडला काही झालंच नव्हतं. रक्ततपासणीच्या काही पद्धतींमध्ये बायोटिनचाच वापर होतो, त्यामुळे रक्तात ते भरमसाट असलं की आकडे चुकतात, कधी वर, कधी खाली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, म्हणजे एफडीएनं, 2017 साली याबद्दल इशारा दिला होता. हार्ट अटॅक ओळखण्यासाठी ट्रोपोनिन तपासतात, तेसुद्धा खोटं कमी दिसू शकतं आणि अशा एका रुग्णाच्या मृत्यूची नोंद त्या इशाऱ्यात होती. मी थोडक्यात वाचले. नसलेल्या आजाराची गोळी सुरू होता होता राहिली, एवढंच.

पुढच्या केमोला जाताना सगळ्या बाटल्या पिशवीत घालून नेल्या. डॉक्टर ओरडतील असं वाटलं होतं. ते ओरडले नाहीत. त्यांनी एकेक बाटली उचलून मागची बारीक अक्षरं वाचली. पुढची मोठी अक्षरं त्यांनी एकदाही वाचली नाहीत. मीही तेव्हापासून तसंच करते.

सगळ्यात आधी बाजूला काढली ती मुंग्यांवरची बाटली. पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधानं हातापायांना मुंग्या येतात, त्यासाठी कुणी सुचवलं म्हणून मी अॅसिटिल-एल-कार्निटिन घेत होते. नसांना बळ देतं म्हणे. नेमकी हीच कल्पना स्तनाच्या कॅन्सरच्या 409 बायकांवर तपासून पाहिली गेली होती. निष्कर्ष 2013 मध्ये आला आणि तो उलटा होता. ते घेणाऱ्यांचा मुंग्याबधिरपणा 24 आठवड्यांनी जास्तच होता. ते ऐकताना माझी बोटं बधिरच होती. ती बाटलीमुळे की केमोमुळे हे आता कोण सांगणार! दुसरी बाटली बी-6ची. ते मोठ्या मात्रेत बरेच दिवस घेतलं तर तेच नसा बिघडवतं.

मग व्हिटॅमिन ई आणि माशाच्या तेलाच्या कॅप्सूल. केमोनंतर माझं ऑपरेशन व्हायचं होतं आणि या दोन्हींनी रक्त गोठण्यात फरक पडू शकतो. हळदीचा अर्कही त्याच ढिगात गेला. स्वयंपाकातली चिमूट वेगळी आणि कॅप्सूलमध्ये दाबून भरलेला अर्क वेगळा, हे त्यांनी दोनदा सांगितलं. ग्रीन टीचंही तसंच. कपभर चहानं कुणाचं काही बिघडत नाही, पण त्याच्या अर्काच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत आणि केमोत यकृतावर आधीच भार असतो.

अँटिऑक्सिडंटवर माझं त्यांच्याशी जरा वाजलं. शरीरातली फ्री रॅडिकल्स, म्हणजे पेशींना इजा करणारे कण, वाईट, अँटिऑक्सिडंट त्यांना मारतात, मग यात वाईट काय? ते म्हणाले, "रेडिएशन आणि काही केमो पेशी मारतात त्याच फ्री रॅडिकल्सच्या जोरावर. तुम्ही ढाल वाटताय, ती कोणत्या पेशीच्या हातात जाईल हे कसं ठरवणार?" तरी मला पटेना. मग घरी येऊन वाचलं. फिनलंडमध्ये 29,000 हून जास्त सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर मोठा प्रयोग झाला होता. बीटा कॅरोटीननं फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल अशी आशा होती. 1994 मध्ये निकाल आला तेव्हा ते घेणाऱ्यांमध्ये कॅन्सर 18 टक्के जास्त निघाला. ते लोक माझ्यासारखे रुग्ण नव्हते हे खरं. पण "फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना" हे वाक्य मी त्या दिवसापासून बोलत नाही.

फोनवर मी जास्त वेळ घालवते तो गाठीभेटींवर. एखादी गोळी चांगली की वाईट याला उत्तर नसतं. ती शरीरात कोणत्या औषधाला गाठते ते बघायचं. उदासीवर लोक घेतात त्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीच्या औषधाचं उदाहरण बघा. ते यकृताला औषधं भराभर मोडायला लावतं. आतड्याच्या कॅन्सरला देतात त्या इरिनोटेकनचा शरीरात जो खरा काम करणारा भाग तयार होतो, तो यामुळे 42 टक्क्यांनी घटल्याचं 2002 मध्ये दिसलं. म्हणजे सलाइन पूर्ण लावायचं, त्रास सोसायचा आणि औषध निम्म्याच्या जवळपास वाया. रुग्णाला यातलं काहीच जाणवत नाही.

उलटंही असतं, नाही तर मी सगळ्या बाटल्यांची वैरी आहे असं वाटेल. पेमेट्रेक्सेड नावाचं औषध देताना फोलिक अॅसिड आणि बी-12 द्यावंच लागतं, नाही तर रक्तपेशी फार घसरतात. जठर काढलेल्या माणसाला बी-12चं इंजेक्शन जन्मभर लागतं. खाणं जात नसलेल्याला प्रोटीनची पावडर आहारतज्ज्ञच देतात. माझं कॅल्शियम आणि डीही तसंच आलं. मी लेट्रोझोल या कॅन्सरवरच्या हार्मोनच्या गोळीच्या पाचव्या वर्षात आहे, त्यानं इस्ट्रोजेन पार खाली जातं आणि हाडं विरळ होतात. हाडांची तपासणी झाली, रक्तातलं डी मोजलं आणि मग मात्रा ठरली. आधी मोजलं, मग दिलं. माझ्या नऊ बाटल्यांपैकी एकीच्याही आधी कुणी काही मोजलं नव्हतं.

"बी-17"बद्दल कुणी विचारलं की मी फोनवरच आवाज चढवते. ते व्हिटॅमिन नाही. जर्दाळूच्या बियांतला तो पदार्थ पोटात सायनाइड सोडतो. 1982 मध्ये 178 रुग्णांवर तपासला, कॅन्सरवर गुण शून्य आणि काहींच्या रक्तात सायनाइड विषबाधेच्या पातळीच्या जवळ पोचलं.

मावशीला तिची बाटली बंद केल्याचं सांगायला मला तीन आठवडे लागले. कार्निटिन सोडणं त्या मानानं सोपं होतं. ती एवढंच म्हणाली, "मग आता मी काय आणू?" मी तिला तपासणीच्या दिवशी सोबत यायला सांगितलं. तेव्हापासून दर वेळी तीच येते.

परवा एकीशी हे सगळं बोलले, तर ती जरा खट्टू झाली. "म्हणजे आईला काहीच द्यायचं नाही का?" मी विचारलं, "आईचं कोणतं औषध चालू आहे?" तिला नाव सांगता येईना. "साधं मल्टिव्हिटॅमिनच देतोय हो आम्ही," ती म्हणाली. फाइलच्या पानाचा आणि बाटलीच्या मागच्या बाजूचा, दोन्ही फोटो पाठव म्हटलं. संध्याकाळी आले. पानावर कॅपेसिटाबिन होतं, म्हणजे केमोची गोळी. बाटलीवर, बारीक अक्षरांत चौथ्या ओळीला, फोलिक अॅसिड. या दोघांची गाठ पडली की कॅपेसिटाबिनचा त्रास वाढू शकतो. मी तिला लगेच फोन लावला आणि हे दोन्ही फोटो उद्या सकाळी उघडल्याउघडल्या डॉक्टरांना दाखव म्हणून सांगितलं.