पुरातला लॅटिट्यूड, पुढची नोंद: बॅकलाइट पेटला!

पेटला! पुरात भिजलेल्या लॅपटॉपच्या स्क्रीनमागचा दिवा, म्हणजे बॅकलाइट. पूर्ण ब्राइटनेसला, नुसत्या बॅटरीवर, झाकण कसंही हलवलं तरी न विझता. मागच्या नोंदी वाचणाऱ्यांना उद्गारचिन्हाचं कारण सांगायला नको.

सप्टेंबर २०२५च्या पुरात परंड्याकडच्या ज्या सरांच्या घरात पाणी शिरलं, त्यांचाच हा डेलचा ई-सिरीज लॅटिट्यूड लॅपटॉप. मॉडेल, बोर्ड नंबर आणि धुण्याआधीचे फोटो मागे टाकलेत. ड्राइव्ह काढून सगळा डेटा आधीच दुसरीकडे उतरवून ठेवलाय, त्यामुळे त्याची काळजी मिटली. धुण्याबद्दल मात्र पुन्हा सांगतो, कारण दोघा-तिघांनी विचारलं. आपल्याकडच्या पुराच्या पाण्यात काळी माती असते. ती ओली झाली की फुगते, चिपांच्या खाली शिरते आणि वाळली की तिथेच घट्ट बसते. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) ती निघत नाही, क्षारही विरघळत नाहीत. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ ब्रश, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात तेच पाणी, दुकानात कॅनमध्ये मिळतं. मग ९९ टक्क्यांचं आयपीए, पाणी ओढून घ्यायला. लातूरचं बोअरचं पाणी बोर्डाला लावूच नका, पांढरा थर धरतो. सत्तर टक्केवालं सॅनिटायझरही नको, त्यात पाणीच आहे.

आता मूळ दुखणं. एचडीएमआयवर टीव्हीला चित्र लख्ख. लॅपटॉपची स्क्रीन काळी, पण टॉर्च तिरकी धरली की लॉगिनचं चित्र पुसट दिसायचं. म्हणजे पॅनेलला (स्क्रीनला) ३.३ व्होल्ट मिळतोय, डेटा येतोय, फक्त मागचा उजेड नाही. कीबोर्डवरची डी दाबून पॉवर दिली की पॅनेलची स्वतःची चाचणी सुरू होते: पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा. टॉर्चखाली रंग बदलताना दिसत होते, उजेड तिथेही नाही. भंगारातल्या मशीनचा ३० पिनी पॅनेल लावला, तेच. केबल बदलली, तेच. म्हणजे घोळ बोर्डावर.

सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट अशी की चार्जर लावून ब्राइटनेस अगदी तळाला नेला की उजेड यायचा! दोन-तीन पायऱ्या वर गेलं की थरथर आणि मग अंधार. चार्जर काढला की तळालाही टिकायचा नाही. पूर्ण मेलेला दोष शोधणं त्या मानाने सोपं. अर्धवट चालणारा दोष माणसाला रात्री झोपू देत नाही.

पिना तपासल्या. ३० पिनी ईडीपीत (पॅनेलच्या केबलच्या कनेक्टरमध्ये) १२ आणि १३वर पॅनेलचा ३.३ व्होल्ट, २२वर बॅकलाइट इनेबल, २३वर पीडब्ल्यूएम (ब्राइटनेस ठरवणारा सिग्नल), २६ ते २९वर बॅकलाइटची मुख्य पॉवर. २४ आणि २५ रिकाम्या असतात, आणि पाण्यात बुडालेल्या बोर्डाला त्याचा मोठा फायदा होतो, कारण १९ व्होल्ट शेजारच्या नाजूक लाइनवर सहज उडी मारत नाही. इनेबल ३.३, बरोबर. पीडब्ल्यूएमचा सरासरी व्होल्टेज ब्राइटनेसबरोबर वर-खाली, बरोबर. २६ ते २९वर १९.३, बरोबर. फ्यूजपासून मॉसफेटपर्यंत (बॅकलाइटची पॉवर चालू-बंद करणारा स्विच) बीप, बरोबर. मीटरच्या हिशेबाने बोर्ड ठणठणीत, आणि स्क्रीन काळी.

मागच्या नोंदीत इथेच थांबलो होतो. मग डोक्यात आलं की १९.३ हा आकडा पॅनेलची केबल काढून घेतलेला आहे. त्या वेळी त्या लाइनवरून करंट जातच नाही. म्हणून पॅनेल लावला, चार्जरवर ब्राइटनेस तळाला ठेवून उजेड आणला आणि तो चालू असतानाच मीटरची एक काडी फ्यूजच्या आधी मुख्य रेलवर (बोर्डाच्या मुख्य पॉवर लाइनवर), दुसरी कनेक्टरच्या पिनेजवळ धरली. २.२ व्होल्ट! एवढ्याशा तांब्याच्या वाटेत, आणि तेही सगळ्यात मंद उजेडाला. तिथे फार तर काही मिलिव्होल्ट पडायला हवेत.

पॉवर काढली की मॉसफेट बंद होतो, म्हणून पॉवर पूर्ण काढून रेलपासून त्याच्या अलीकडच्या पायापर्यंतचाच रेझिस्टन्स मोजला: ३८ ओहम. इथे सगळा उलगडा झाला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. बऱ्याच मीटरांचा बीप ३० ते ५० ओहमच्या खाली काहीही आलं की वाजतो. ३८ला माझं पिवळं मीटर खुशाल वाजतं. डिजिटल मीटर व्होल्टेज मोजताना इतका कमी करंट घेतं की मधले ३८ ओहम त्याच्या खिजगणतीतही नसतात, म्हणून १९.३ पूर्ण दिसतो. पण एलईडी ड्रायव्हर, म्हणजे बॅकलाइटच्या एलईडींना पॉवर देणारी चिप, वेगळा वागतो. त्याला ठरावीक वॅट हवे असतात. व्होल्टेज पडला की तो जास्त करंट ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी पडतो, आणि एका टप्प्यावर सगळं कोसळतं. १९.३ व्होल्ट आणि मध्ये ३८ ओहम असतील तर पलीकडे जास्तीत जास्त साधारण २.४ वॅट पोचू शकतात: व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्सची चौपट. चौदा इंची पॅनेलला पूर्ण उजेडाला तीनच्या आसपास लागतात. बॅटरीच्या ११-१२ व्होल्टवर तर एक वॅटही पोचत नाही. तळाला चालतो, वर विझतो, बॅटरीवर टिकत नाही. तिन्ही गोष्टी एका गणितात बसल्या. कागदावर हे मांडून झाल्यावर जो आनंद झाला, तो उजेड आल्यावरच्या आनंदापेक्षा कणभरही कमी नव्हता.

फ्यूज काढून वेगळा मोजला तर चांगला, अर्ध्या ओहमच्या आत. मग भिंगाखाली फ्यूजच्या पॅडपासून पुढे सरकत गेलो. मॉसफेटकडे जाणाऱ्या वाटेत टोकदार सुईच्या टोकाएवढं एक व्हाया (बोर्डाचे थर जोडणारं तांब्याचं छिद्र) आहे. बाकीची व्हाया तांबूस, हे काळं, कडेला हिरवी किनार. सुईने खरवडलं तर आतून हिरवट भुकटीच निघाली. ही लाइन मॉसफेटच्या अलीकडची, म्हणजे लॅपटॉप बंद असला तरी बॅटरीचा व्होल्टेज तिथे असतोच. पाणी, क्षार आणि सतत व्होल्टेज असलं की तांबं झिजतंच. म्हणून पुन्हा सांगतो: भिजलेला लॅपटॉप चालू करून बघायच्या आधी, पंख्याखाली ठेवायच्या आधी, उघडून बॅटरीचं कनेक्टर काढा. तांदळात पुरून ठेवण्यात गेलेला वेळ बॅटरी तांबं खाण्यात घालवते.

फ्यूजच्या जागी सरळ तार टाकायचा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अजिबात पटत नाही. केबल बिजागरीत घासून पुढेमागे शॉर्ट झाली तर जळायला फ्यूज नसतो आणि केबल जळते. फ्यूज जागेवर परत बसवला आणि जंपर (जोडतार) फक्त मेलेल्या व्हायाला वळसा घालून दिला. मोटार रिवाइंडिंगवाल्याकडची तार या कामाला फार जाड. जळक्या स्टॅबिलायझरमधला रिले फोडा, त्याच्या कॉइलची केसासारखी एनॅमल तार सुंदर बसते आणि बॅकलाइटचा करंट सहज झेपवते. टोकं ब्लेडने खरवडून कल्हई केली, फ्लक्स लावून बारीक टोकाच्या आयर्नने टाकली, वरून यूव्ही मास्कचा (अतिनील किरणांनी कडक होणाऱ्या लेपाचा) थेंब. यूव्ही दिवा घेऊ नका, आपल्या मराठवाड्यात बोर्ड खिडकीत दुपारच्या उन्हात ठेवला की मास्क कडक होतो. जंपरनंतर तेच माप: पूर्ण ब्राइटनेसला ४० मिलिव्होल्ट.

ईडीपी केबल लावता-काढताना चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढलेली असू द्या आणि पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून धरा. चालू रेलवर कनेक्टर तिरका बसला की बॅकलाइटचा फ्यूज तिथेच जातो.

सरांना फोन केला तर म्हणाले, “भाऊ, पडदा दिसला का? मग बास झालं बघा, लेकराला अभ्यासापुरतं चालतंय.” पण बास होत नाही, कारण उजेड आल्यावर मूळ पॅनेलची अवस्था दिसली. खालच्या डाव्या कोपऱ्यापासून मधापर्यंत ढगासारखा डाग, पाणी डिफ्यूजरच्या (उजेड सारखा पसरवणाऱ्या) थरांत शिरलंय. थर सोडवून पुसायचा विचार होता, सकाळी कडेची पट्टीही सैल केली. पण त्या पातळ पत्र्यांत एक धूळकण गेला तरी पांढऱ्या पानावर कायम दिसत राहतो, आणि माझ्या खोलीत धूळ नसणं पावसाळ्याखेरीज शक्य नाही. ते राहू दिलं. पॅनेल नवाच टाकायचा.

इथपर्यंत लिहिताना तसाच १३६६ बाय ७६८चा मागवायचं ठरलं होतं. पण मग फुल एचडी (१९२० बाय १०८०) आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग नीट दिसणारा, का नको? कनेक्टर तोच ३० पिनी. अडचण एकच: एचडीला डेटाची एक जोडी पुरते, फुल एचडीला दोन लागतात, आणि काही मशिनांच्या एचडी केबलमध्ये दुसरी जोडी टाकलेलीच नसते. त्या पिना ३ आणि ४. लिहिणं थांबवून आत्ताच केबल मोजून आलो. या वेळी बीपवर न थांबता रेझिस्टन्स पाहिला: दोन्ही ओहमच्या आत! दुसरी जोडी केबलमध्ये आहे. बोर्डावर कनेक्टरच्या त्या पिनांमागची दोन बारीक कपॅसिटर जागेवर आहेत का ते उद्या बघतो. असतील तर फुल एचडी नक्की.

पॅनेल मात्र ऑनलाइन मागवणार नाही. एका विक्रेत्याकडून “नवा, ए ग्रेड” म्हणून आलेल्या पॅनेलच्या पट्टीवर जुन्या डबल टेपचा गोंद होता आणि परत घ्यायला त्याने नाना फाटे फोडले. आपल्या भागाला मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपेक्षा सिकंदराबादचं सीटीसी (चेनॉय ट्रेड सेंटर, कॉम्प्युटरचं मार्केट) बरं पडतं. तिथे दुकानदार समोर लावून दाखवतो, पांढरा आणि काळा पडदा डोळ्यांनी बघून घेता येतो. जाताना जुना पॅनेल बरोबर न्यायचा, मागच्या स्टिकरवरचा नंबर आणि स्क्रूच्या कानांची जागा जुळवायची. बिनकानाचा पॅनेल या झाकणात बसत नाही.

कीबोर्डच्या एका ओळीतल्या कळा अजून मुक्या आहेत. रिबनच्या कनेक्टरमध्ये माती दिसतेय, बोर्ड खाली उतरवला की तेही धुऊन घेतो. ज्यांनी या सिरीजमध्ये एचडीवरून फुल एचडी केलंय त्यांनी पॅनेलचा नंबर कळवा, सिकंदराबादला निघण्याआधी मिळाला तर फार उपयोग होईल.